नाद विरेपर्यंत

आमच्या मार्कनॉयकिर्शेन या जर्मन गावात घरटी एक तरी वाद्य बनवणारा सापडेल, पण फुंकायच्या ट्रॉम्बोनचा पितळी भोंगा ठोकावा तो माझ्या बहिणीच्या नवऱ्यानेच, गोटहार्ड भाऊजींनी. पितळेचा पत्रा कापायचा, गुंडाळून जोडायचा, भट्टीत मऊ करायचा आणि लोखंडी साच्यावर ठोकत ठोकत फुलवायचा. मऊ पितळ मुकं असतं, ठोकल्यावर ते बोलायला लागतं. थांबायचं कुठे, ते फक्त कानाला कळतं. त्यापुढे घाव पडत राहिले तर काठ फाटतो.

म्हणून आमच्याकडे एक रीत होती. भाऊजी भोंग्यावर नखाने टिचकी मारून हात वर करायचे. हात वर असेपर्यंत कुणी हलायचं नाही, शिंकसुद्धा दाबायची. नाद विरला की हात खाली. मी मागच्या बाकावर पॉलिश करते. तिथे मी नुसतं पुटपुटले तरी ते वळून न बघता म्हणायचे, "टिल्डे, शिव्या द्यायच्या तर मोठ्याने दे, मेव्हणीच्या शिव्या गोड लागतात."

नाताळानंतर त्यांचा हात लवकर खाली यायला लागला. दोन भोंगे काठाला फाटले.

"पत्राच दळभद्री आलाय!" भाऊजी गरजले. आमचे भोंगे विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने निरोप धाडला की तिसरा फाटला तर काम दुसऱ्याकडे जाईल. चाळीस वर्षांचा हात, आणि हा निरोप! मला भाऊजींचा रागही येत होता आणि कीवही.

बटाटे सोलताना माझी बहीण हेडविग म्हणायची, "कानाचं तूच सांग त्यांना. बायकोने सांगितलं की भांडण होतं."

"आणि मेव्हणीने सांगितलं की काय केक भरवतील?"

बटाटे सोलून व्हायचे, पण सांगायचं कुणीच नाही.

आज तिसरा भोंगा साच्यावरून उतरला. भाऊजींनी टिचकी मारली, हात वर केला. स्वच्छ, लांब नाद निघाला. इतका सुरेख भोंगा वर्षभरात झाला नव्हता. वाचलो बाई, मी मनात म्हटलं.

भाऊजींनी हात खाली घेतला. नाद चालूच होता. हेडविग दारात होती, ती हलली नाही. मीही नाही.

"मुकाच आहे अजून," भाऊजी म्हणाले आणि भोंगा पुन्हा साच्यावर चढवला.

"भाऊजी, बास करा," मी मागून म्हटलं, नेहमीच्याच आवाजात.

त्यांनी हातोडा उचलला.