हातुडा मागनं येऊ दे

जाझ कुठे शिकलात, असं मला प्रत्येक मुलाखतीत विचारतात. मुंबईची हॉटेलं, परदेशचे दौरे, असं काहीतरी त्यांना ऐकायचं असतं. मी सांगते, खडीवर. मग ते हसतात. हसू देत बापडे.

आमचं गाव जामखेडकडचं. दुष्काळात विहिरींनी तळ गाठला आणि सगळा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला. मी तेव्हा विशीत होते. रविवारी आमच्या चर्चमधली पायपेटी, म्हणजे पायाने भाता हलवायचा ऑर्गन, मीच वाजवायचे. शाळेतल्या बाईंनी शिकवलेली चार गीतं, तीही परेडसारखी सरळ. पण त्या वर्षी ती पेटी सोडली तर माझं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं.

खडीवर माझ्या शेजारी पंचांची बायको बसायची. पंच म्हणजे चर्चचे कारभारी, महाकडक माणूस. काकी त्यांच्यापुढे तोंड उघडायच्या नाहीत. खडीवर मात्र अखंड गायच्या. पहिल्याच दिवशी मी गाण्याच्या ठेक्यावर हातोडा घालायला गेले आणि बोट ठेचून घेतलं. काकींनी चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "आगं येडे, शब्दावर घाव घालती व्हय? गानं म्होरं जाऊ दे, हातुडा मागनं येऊ दे."

शब्द गेला की किंचित उशिरा घाव. जाझची लय अशीच मागून येते, हे मला फार नंतर कळलं. त्या उशिरात काय गंमत होती म्हणून सांगू! सगळ्या बायांचे हातोडे तसे मागून पडले की पोटातली भूकही थोडा वेळ डुलायची.

एका रविवारी मला राहवलं नाही. उजव्या हाताने गीत सरळ नेलं आणि डाव्या हाताचे सूर मागून टाकले. बाया आधी दचकल्या, मग अशा गायल्या की कौलं उडतील. पंच लालबुंद झाले. उपासना संपताच त्यांनी पेटीला कुलूप ठोकलं.

"ह्यो काय तमाशाचा फड हाय? देवाच्या गीताला लचकाया लावती! पुन्यांदा पेटीला हात लावायचा न्हाई."

चावी त्यांच्या कोटाच्या खिशात गेली. त्या आठवड्यात मी रागाने इतकी खडी फोडली की मुकादम माझ्यावर भलताच खूश. काकी शेजारीच होत्या, पण गायल्या नाहीत.

पुढच्या रविवारी पंचांनी स्वतःच गीत सुरू केलं. बायांच्या बाजूने आवाजच उठेना. एक कडवं ते एकटेच गायले. मग काकी उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, आणि भर मंडळीत नवऱ्याला म्हणाल्या, "तिला मागनं याया म्या शिकीवलंय. कुलूप लावायचं तर माज्या तोंडाला लावा."

पंचांनी खिशातून चावी काढून ती काकींच्या हातावर ठेवली. कुलूप काकींनीच उघडलं.

"वाजीव," त्या मला म्हणाल्या.

मी वाजवलं. रडू आवरत नव्हतं, डोळ्यांना पेटीच्या पट्ट्या दिसत नव्हत्या. पण पाय थांबले असते तर भात्यातली हवा संपली असती, म्हणून रडत रडत मी पाय मारत राहिले.