साहेबांचा दुसरा प्रश्न

मागाखाली कापूस साठतो ना, कुणी मुद्दाम टाकत नाही तरी साठतो, तसे आमच्या नोंदणी कचेरीत किस्से साठायचे. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, मी तिथं कारकून. आता चहाला जमलो की मित्र म्हणतात, एखादा हसवणारा सांग. सांगतो. पण सांगताना माझं डोकं फिरतं, तेवढं सांभाळून घ्या.

कारण यातले निम्मे किस्से मुखत्यारपत्राचे. लोक त्याला नुसतं 'पावर' म्हणायचे. म्हाताऱ्यानं पावर लिहून दिली की पोरगा त्याच्या नावावरचं घर परस्पर विकायला मोकळा! म्हणून कायद्यानं एक कडी घातलेली. म्हातारा कचेरीत येऊ शकत नसेल तर अधिकाऱ्यानं त्याच्या घरी जायचं आणि तो मर्जीनं देतोय का, याची स्वतः खात्री करायची. आमचे कुलकर्णी साहेब आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे. आत फक्त म्हातारा, साहेब आणि शाईचा डबा घेऊन मी. पहिला प्रश्न कायद्याचा: "मर्जीनं देताय?" दुसरा त्यांचा स्वतःचा: "आज काय जेवलात?"

*

एक पुतण्या डॉक्टरचा दाखला घेऊन आला. चुलती अंथरुणाला खिळलीय, घरी चला. गेलो. बोळाच्या तोंडाशी नळावर ही झुंबड, आणि त्यात एक म्हातारी कमरेवर भरलेली घागर घेऊन दोघींशी भांडत होती. पुतण्या एकदम भिंतीकडं बघायला लागला. साहेबांना काय ते कळलं. म्हणाले, "आजी, तुम्ही अंथरुणाला खिळलाय असं लिहिलंय हितं."

म्हातारीनं घागर खाली न ठेवता सांगितलं, "त्याचा बा खिळला आसंल!"

पुतण्यानं ते हसण्यावारी नेलं. साहेबही हसले, पण दाखला त्यांनी खिशात घातला आणि तिथून तडक त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. तिथं काय बोलले ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

*

अक्कलकोट रोडला एक आई होती, तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. मुलगा म्हणाला, मी आत थांबतो, तिचं बोलणं मराठीत करून सांगतो. साहेबांचं लहानपण अक्कलकोटात गेलेलं, कानडी त्यांना पाण्यासारखी यायची. पण ते त्यांनी कळू दिलं नाही. बरं म्हणाले, थांबा.

आईनं कानडीत मुलाला विचारलं, हे डोळ्याचे डॉक्टर का, माझा मोतीबिंदू कधी काढणार म्हणतात? मुलानं मान हलवून आम्हाला सांगितलं, "आई म्हणते, मी पूर्ण मर्जीनं घर पोराच्या हवाली करते."

साहेब पुढं वाकले. "अव्वा, ऊट आतेन?" म्हणजे, जेवण झालं का. म्हातारीचा चेहरा असा फुलला! ती बोलायला लागली ते थांबेचना. मुलगा मात्र उठून चपला शोधायला लागला. नालायक माणूस, आईच्या डोळ्यांवर पडदा आलाय म्हणून तिच्या घरावर हात मारायला निघालेला.

*

दुष्काळाचं वर्ष. रेशनला मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीनं घसा सोलून निघायचा. साखर पेठेत एका म्हाताऱ्या विणकराकडं गेलो. पोरांना बाहेर काढलं, मर्जीचं विचारून झालं, मग जेवणाचं. म्हातारा म्हणाला, सकाळी शिरा, दुपारी पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, आणि आता भजी तळायला घेतलीत.

मी तर भारावलो. साहेबांच्या कानात म्हटलं, लई गुणाची पोरं आहेत की.

साहेबांनी बाहेर आल्यावर झापलं. "गाढवा, पोट भरलेला माणूस 'भाकरी-आमटी' म्हणतो आणि गप्प बसतो. पक्वान्नं उपाशी माणसालाच तोंडपाठ असतात."

कागद तसाच परत गेला. पोरांनी वर तक्रार केली की साहेब कामात अडथळे आणतात. बापाला उपाशी ठेवणाऱ्यांची तक्रार, आणि वरनं साहेबांनाच खुलासा मागितला! मला अजून तो कागद आठवला की हाताच्या मुठी वळतात.

*

एकजण कचेरीत आला. वडिलांची पावर आधीच घेतलेली, आता घराचं खरेदीखत करायचं होतं. ऐन मे महिना, आणि पठ्ठ्यानं कानापर्यंत टोपी ओढलेली. घाम नुसता गळत होता. साहेबांनी विचारलं, वडील कसे आहेत? म्हणाला, ठणठणीत आहेत.

"टोपी काढा की, उकडतंय," साहेब म्हणाले.

काढेना. दोनदा सांगितल्यावर काढली. डोक्याचा ताजा गोटा! बाप जाऊन चार दिवस झाले नव्हते. माणूस गेला की त्याची पावरही त्याच्याबरोबर जाते, हे या बहाद्दराला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर घाई. साहेब एवढंच म्हणाले, "वडिलांना आमचा नमस्कार सांगा." त्यानं खरंच मान डोलावली हो.

*

हा हसायचा नाही. बाळीवेशीत शेवंताबाई म्हणून विधवा होती, दोन खोल्यांचं घर. मर्जीनं देते म्हणाली. जेवणाचं विचारलं तर भाकरी आणि पिठलं. साहेबांना तरी शंका आली. म्हणाले, नको असेल तर नको म्हणा, कागद इथंच फाडतो.

ती म्हणाली, "फाडू नका सायब. तुमी गेल्यावर मला ह्याच पोराच्या हातचं खायाचं हाय."

पुन्हा पुन्हा विचारलं, पण ती अंगठा पुढं करून बसली. शेवटी ठसा घेतला. पुढं ती एकदा कचेरीत आली, पावर परत घ्यायची म्हणून. साहेबांनी समजावलं, पावर रद्द होते, पण विकलेलं घर माघारी येत नाही. तिनं विचारलं, मग ह्यो कायदा कुणाचा? कायदा त्या खोलीत पाच मिनिटं होता, पोरगा जन्मभर होता. त्या दिवशी साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

*

साहेब निवृत्त झाले आणि पुढं त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. एक दिवस घरी येण्याचा अर्ज आला. नाव वाचलं आणि माझा विश्वासच बसेना. देणार कुलकर्णी साहेब, घेणार त्यांचा एकुलता एक मुलगा. साहेबांना अर्धांगवायू झालेला. त्यांच्या पत्नी आधीच गेलेल्या. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन रेल्वे लाइन्स भागात बांधलेलं घर, ते विकून मुलाला पुण्याला जायचं होतं.

गेलो. मुलगा, सून, सगळ्यांना बाहेर काढलं. साहेब खाटेवर, मनगटं नुसती काडी. दाराखालच्या फटीत मुलाच्या पायांची सावली दिसत होती.

"साहेब, मर्जीनं देताय?"

"मर्जीनं." आवाज स्वच्छ होता.

मला पुढचं विचारवेना. मी शाईचा डबा उघडला. तेच म्हणाले, "अजून एक राहिला की."

"आज काय जेवलात, साहेब?"

त्यांनी आधी दाराखाली पाहिलं, मग माझ्याकडं. आणि बाहेर नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुरणपोळी. कटाची आमटी. मसालेभात. भजी. वर वाटीभर तूप."

मी शाईचा डबा बंद केला.