सरांचा हात चुकला नव्हता

देवानं माणसं घडवताना केलेला दुजाभाव आपणच निस्तरायचा आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या शाळेतले खेळाचे सर. मी तिथंच गणित शिकवायचो. शर्यतीआधी सर शिंप्याची टेप घेऊन पोरांचे पाय मोजत आणि आखूड पायांच्या पोराला वीतभर पुढं उभं करत. हेडमास्तर चिडले की म्हणत, "लांब पाय त्याला बापाकडून आलेत साहेब, त्यात त्याची काय मेहनत?" रस्सीखेच असली की दोन्ही संघ आडत दुकानातल्या वजनकाट्यावर चढत आणि हलक्या संघातल्या शेवटच्या गड्याच्या कमरेला ज्वारीची पिशवी बांधली जाई. घरी कॅरम खेळताना बायकोला चष्मा नाही म्हणून सर स्वतःचाही काढून ठेवत. मग दोघं चाचपडत डाव संपवत.

तालुक्याच्या स्पर्धेत मात्र त्यांचं कुणी ऐकत नसे. तिथं शर्यत सोडायचं काम त्यांचं: दोन लाकडी फळ्या डोक्यावर धरून एकमेकींवर आपटायच्या. शंभर मीटर पलीकडं, शेवटच्या रेषेवर, घड्याळ घेऊन मी. त्यांनीच मला शिकवलं होतं, "फळ्या भिडलेल्या दिसल्या की बटन दाबा. आवाजाची वाट पाह्यली की घड्याळ तीन दशांश सेकंद उशिरा सुरू होतं, आन् वेळ कमी भरते."

त्या वर्षी माझी मुलगी धावणार होती. तिच्यासाठी जालन्याहून खिळ्यांचे बूट आणले होते. ती दुसऱ्या गटात. पहिल्या गटात मोसंबीच्या बागेत राबणाऱ्या मजुराची मुलगी, अनवाणी.

"लेकीला बूट काढाय लावा की," सर मला म्हणाले. "त्या लेकराकडं चप्पल बी न्हाई."

"नियमात बसतंय," मी म्हणालो.

"नियमात बसतंय, पर बराबर न्हाई."

अंतिम शर्यत होणार नव्हती. दोन्ही गटांत जिची वेळ सगळ्यात कमी, ती जिल्ह्याला. पहिल्या गटाला मी फळ्या पाहून घड्याळ सुरू केलं. त्या अनवाणी पोरीची वेळ माझ्या मुलीच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेहून कमी होती. दुसऱ्या गटाला मी आवाजाची वाट पाहिली. माझी मुलगी दोन दशांश सेकंदानं पुढं निघाली.

सरांना ते पटेना. पण संशय त्यांनी माझ्यावर नाही, स्वतःवर घेतला. "पह्यल्या बारीला फळ्या नुसत्या टेकल्या आसतील, वाजल्या मागून. माझ्याच हातानं घात केला."

"असेल," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी कधी फळ्या हातात घेतल्या नाहीत. पुढं माझ्या मुलीला खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली, तेव्हा पहिले पेढे त्यांनीच आणले.

गेल्या महिन्यात सर गेले. दहाव्याला सरांच्या घरी ती मजुराची मुलगी आली होती. आष्टीला दिलेली, आता चाळिशीची. "दर दिवाळीला फोनवर माफी मागायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, सोडा की सर आता."

तिला बाजूला नेऊन मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल.

"मला कामून सांगून राह्यले, काका? त्यांना सांगायचं होतं." मग जरा हळू आवाजात, "आत काकू हायेत. त्यांना तरी सांगा."

मी आत गेलो. काकूंनी सतरंजी सरकवली, चहा घेणार का विचारलं. मी हो म्हणालो आणि चहा पिऊन परत आलो.