चौथ्या दगडात उरलेले पंधराशे

माझ्या थोरल्या भावाने, हाल्वोरने, उभ्या आयुष्यात तेरा जणांची नाकं फोडली. आकडा माझा नाही, त्याचाच. आपल्या वहीच्या मागच्या पानावर त्याने तो नावांसकट, तारखांसकट लिहून ठेवला होता. चौदावं नाव मॅनेजर रिंगस्टाचं. पण त्याचं नाक शाबूत राहिलं आणि दात गेले, म्हणून ते वेगळ्या रकान्यात होतं. हाल्वोर हिशेबाला पक्का होता.

मी चार हिवाळे शाळेत गेले, तेही बर्फ कमी असेल तेव्हा. तरी घसारा म्हणजे काय ते हेलेफॉसमधल्या कुठल्याही बाईपेक्षा मला जास्त कळतं, आणि ते शिकताना माझा अंगठा कामातून गेला.

तरुणपणी हाल्वोर लगद्याच्या गिरणीत दगडावर कामाला होता. धबधब्याखाली गिरणी, आत चार दगड, एकेक पुरुषभर उंच, इंग्लंडहून बोटीने आणलेले. पाण्याच्या जोरावर दगड गरगरतो, त्यावर लाकडाचे ओंडके दाबायचे, की लाकडाचा लगदा होतो आणि लगद्याचा कागद. हाल्वोर शनिवारी नाचाला जाऊन कुणाला तरी बडवून यायचा आणि सोमवारी सुजलेल्या हातांनी ओंडके सरकवायचा. अशाच एका सोमवारी त्याचा डावा हातमोजा ओंडक्याबरोबर आत गेला. मोज्यात हात होता. तीन बोटं आणि अर्धा तळवा दगडाने लाकडात कालवून टाकला.

"कुठल्या तरी पेपरात मी छापून आलो असणार," तो पुढे म्हणायचा. "आणि कुणी वाचलंही नसेल."

कंपनीने त्याला चारशे क्रोनर दिले आणि कचेरीत एक स्टूल दिलं. माणूस मारकुटा, पण डोकं साफ. पोस्टाने धडे मागवून तो दोन वर्षांत जमाखर्च शिकला. म्हातारा हिशेबनीस वारल्यावर स्टुलावरून उठून त्याच्या खुर्चीत बसला.

तोवर माझं एव्हेनशी लग्न झालं होतं. एव्हेन चौथ्या दगडावर होता. दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, त्यातली सहा घोड्याशी. रविवारी हाल्वोर आमच्याकडे जेवायला यायचा. एकदा बटाटे सोलता सोलता एव्हेनने विचारलं,

"मेव्हण्या, दगडाचे पैसे गिरणीने घेतल्या दिवशीच चुकते केले. मग दर वर्षी तू त्याचा खर्च कसला लिहितोस? चोऱ्या करतोस का?"

"बूट काढ," हाल्वोर म्हणाला.

"जेवताना?"

"काढ म्हणतो ना."

एव्हेनने काढला. हाल्वोरने तो बटाट्यांच्या शेजारी ठेवला. मी म्हटलं, दादा, टेबलावर नको, पण मला विचारतो कोण.

"जोडी कितीची?"

"बारा क्रोनर."

"चालते किती?"

"चार हिवाळे. तुझ्या बहिणीने तेल लावलं तर."

"म्हणजे दर हिवाळ्याला तू तीन क्रोनरचा बूट खातोस. पैसे पहिल्या दिवशी गेले, पण बूट काही पहिल्या दिवशी संपला नाही. सगळे बारा पहिल्याच वर्षात लिहिलेस तर त्या वर्षी भिकारी दिसशील, आणि पुढची तीन वर्षं फुकटात चालणारा शेठ. दोन्ही खोटं. म्हणून वस्तू झिजेल तसा खर्च लिहायचा. त्याला घसारा म्हणतात."

"आणि धबधब्याचं काय?" मी विचारलं. धबधब्याचं पाणी गिरणीने वरच्या शेतकऱ्यांकडून चाळीस वर्षांसाठी घेतलं होतं, रक्कम एकदम मोजून. "तो कुठे झिजतो?"

"धबधबा नाही झिजत, बये, हक्क झिजतो. एक वर्ष सरलं की चाळिसावा हिस्सा सरला. हात लावता येत नाही अशा वस्तूचीही किंमत तशीच वर्षांवर वाटून लिहायची. नुसतं नाव वेगळं."

"आणि तुझा हात?" एव्हेन म्हणाला.

"तो एकदम लिहिला. त्याच वर्षी. चारशे."

एव्हेन हसला. हाल्वोरने बूट खाली ठेवला आणि मीठ मागितलं.

तिसरा आणि चौथा दगड एकाच खाणीतले, एकाच बोटीने आलेले, छत्तीसशे क्रोनरला एक. आमच्याकडे दगडाचं आयुष्य सहा वर्षं धरायची रीत होती, म्हणजे वर्षाला सहाशे घसारा. ते आले त्याच वर्षी रिंगस्टा नवा मॅनेजर म्हणून आला. गुळगुळीत दाढीचा, खिशात सतत पेपरमिंट. त्याने हाल्वोरला सांगितलं, सहा खोड, बारा लिही.

"साहेब, बारा वर्षं चालत नाही दगड."

"वहीत चालेल. घसारा निम्मा झाला की नफा तेवढा वाढतो. दगडाला त्यातलं काय कळतंय?"

हाल्वोरने बारा लिहिलं, आपल्या हाताने, सुबक अक्षरात. पुढे मी त्याला विचारलं, का लिहिलंस. म्हणाला, "दीड हाताच्या माणसाला दुसरी खुर्ची कोण देणार होतं, सांग."

आता यातली मेख अशी. वहीत किंमत उरलेली असताना दगड काढून फेकला, तर उरलेली सगळी रक्कम त्याच वर्षी तोटा म्हणून लिहावी लागते. मग कोण फेकतो? सहा वर्षं सरली. जुन्या रीतीने दोन्ही दगड शून्य झाले असते आणि बदलताना कुणाचं पोट दुखलं नसतं. सात सरली. रिंगस्टाच्या वहीत एकेका दगडात अजून पंधराशे शिल्लक होते. म्हणून ते फिरत राहिले.

सोमवारी सकाळी दगड सुरू करण्याआधी दगडावरचा माणूस त्याला लाकडी हातोड्याने ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. सलग दगड गातो. आत चीर असेल तर भोपळ्यासारखा वाजतो. त्या हिवाळ्यात तिसरा बद वाजतो असं त्यावरचा तोरगाइर दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा त्याला उत्तर मिळालं की दगड ओला आहे, ओला दगड गात नाही.

मार्चमधल्या मंगळवारी दहाच्या सुमाराला तिसरा फुटला. मी गिरणीच्या उघड्या दारासमोर ओढ्यावर कपडे धूत होते. आधी पायाखालची जमीन हलली, मग आवाज आला. दगडाचा एक अर्धा भाग छत फोडून गेला आणि वरच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात पडला, दोन गाई जागच्या जागी. दुसरा अर्धा तोरगाइरमधून गेला. मी ‘त्याच्या अंगावरून गेला’ म्हणणार होते, पण मी पाहिलंय, मधूनच गेला. कमरेखालचा तोरगाइर जागेवर उभा होता, क्षणभरच, पण उभा होता. ओंडके देणाऱ्या माणसाच्या मांडीत दगडाभोवतीच्या लोखंडी पेटीचा पत्रा घुसला होता आणि तो आपल्या बायकोला हाका मारत नव्हता, फोरमनला शिव्या घालत होता. खालच्या हौदातला लगदा गुलाबी झाला. हा टाकायचा का, म्हणून फोरमनने कचेरीत विचारलं. रिंगस्टा म्हणाला, धुतल्यावर जाईल. गेला तो कागद, पुढच्या आठवड्यात, गाडीने.

तोरगाइरला पुरलं त्या दिवशी संध्याकाळी हाल्वोर आमच्याकडे आला आणि कोट न काढता बसला.

"एव्हेन, उद्यापासून चौथ्यावर जाऊ नकोस."

"मग कुठे जाऊ? चर्चच्या घंटेवर?"

"तो त्याचाच जुळा आहे. एकाच दगडाचे दोन तुकडे."

"साहेब म्हणाले, तपासलाय."

"वहीत तपासलाय त्याने. तिसऱ्याचे पंधराशे यंदा तोट्यात लिहावे लागले. नवीन वर्षाच्या आत शहरातली माणसं गिरणी विकत घ्यायला वही बघणार आहेत. चौथा काढला तर आणखी पंधराशे. म्हणून तो फिरतोय. तू पंधराशेच्या समोर उभा आहेस, गाढवा."

"तूच लिहिलंस ना बारा," एव्हेन म्हणाला.

त्या दिवसाचं त्याचं हे दहावं वाक्य असावं, कारण त्यानंतर तो उठून घोड्याकडे गेला. हाल्वोर अर्धा हात टेबलावर ठेवून बसला होता. मी कॉफी ओतली ती तशीच थंड झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत त्याने वही उघडली, चौथ्या दगडाच्या ओळीतले पंधराशे खोडले आणि शून्य लिहिलं. खाली सही केली. रिंगस्टाने ते पाहिलं आणि हातातली लोखंडी पट्टी धारेच्या बाजूने त्याच्या तोंडावर मारली. गाल ओठापर्यंत उघडला. हाल्वोरने आधी वहीवर टिपकागद ठेवला, रक्त पडू नये म्हणून, ती बंद केली, आणि मग मारलं. उजव्याने एकदाच. रिंगस्टाचे समोरचे तीन दात त्याच्याच पेपरमिंटबरोबर जमिनीवर आले. पुढे कारकुनांनी त्याला धरून ठेवलं, नाहीतर चौदाव्या नावापुढे मृत्यूची तारीख लागली असती. हाल्वोरला काढून टाकलं. ते पान फाडून पंधराशे परत लिहिले. एव्हेन चौथ्यावर गेला.

मी त्या आठवड्यात रोज दहा वाजता हातातलं काम टाकून उभी राहायचे. मंगळवार गेला. गुरुवार गेला. शनिवारी एव्हेन झोपेत ओंडके सरकवत होता.

रविवारी गिरणी बंद, एव्हेनसकट सगळं गाव चर्चमध्ये, मी स्वयंपाकाला घरी. हाल्वोर मागच्या दाराने आला. गालावर टाके, खांद्यावर घण.

"बोर्गिल, चल. मला एक हात कमी पडतोय."

मी काही विचारलं नाही. दगडाची पेटी उघडायला अर्धा तास गेला. छिन्नी मी दोन्ही हातांनी धरली, त्याने घण उचलला. उजवा हात दांड्याच्या टोकाला, डाव्याचा ठोकळा मध्ये आधाराला. पहिले चार घाव नीट बसले. पाचवा घसरला आणि माझ्या अंगठ्यावर आला. आवाज ओली फांदी मोडावी तसा झाला.

"सोड," तो म्हणाला.

"मार तू," मी म्हटलं. मी आणखीही काही म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. वर चर्चमध्ये दुसरं भजन चाललं होतं, तेवढ्या वेळात संपवायचं होतं. तेराव्या घावाला दगड उघडला. उघडलाच, फुटला नाही, कारण चीर आधीपासूनच होती, जवळजवळ आरपार, आतून तपकिरी आणि बुळबुळीत. नव्याने मोडलेला पांढरा भाग फक्त चार बोटं होता. तेवढ्या चार बोटांवर माझा नवरा आठवडाभर उभा होता.

खटला जूनमध्ये चालला. दगड आपण एकट्यानेच फोडला, असं हाल्वोरने आधीच सांगून टाकलं होतं. न्यायाधीश म्हातारे, एका कानाने बहिरे. रिंगस्टा नव्या दातांनी म्हणाला, आरोपीने पंधराशे क्रोनरची मालमत्ता नष्ट केली, वही बघा. हाल्वोरच्या वकिलाने जुना माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला उभं केलं.

"या दगडाचे तुम्ही किती दिले असते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"फुटायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"उचलून न्यायचे मीच वीस क्रोनर मागितले असते, साहेब."

मागच्या बाकावर हशा झाला. चिरेचा तुकडा टेबलावर ठेवला होता. न्यायाधीशांनी त्यावर बोट फिरवलं आणि ते रुमालाला पुसलं. दगडाबद्दल शिक्षा झाली नाही. दातांबद्दल साठ दिवसांची कैद झाली. उठण्याआधी न्यायाधीशांनी विचारलं,

"दीड हाताच्या माणसाने एकट्याने छिन्नी धरली कशी आणि घण मारला कसा?"

"दातात धरली, साहेब," हाल्वोर म्हणाला. "माझे अजून आहेत."

मी तिसऱ्या बाकावर बसले होते, जूनच्या उकाड्यात, लोकरी हातमोजे घालून. कुणी विचारलं नाही.

नवे दगड येईपर्यंत गिरणी सहा आठवडे बंद राहिली, एव्हेनची मजुरी गेली, आणि हाल्वोर सुटून आल्यावरही एव्हेन त्याच्याशी महिनाभर बोलला नाही. मग एका रविवारी हाल्वोर जेवायला आला, तेव्हा एव्हेनने माझा डावा हात धरून टेबलावर ठेवला, बटाट्यांच्या शेजारी. अंगठा तेव्हाही वाकत नव्हता, आजही वाकत नाही.

"याचा हिशेब कसा लिहितोस, मेव्हण्या?"

हाल्वोरने आपला अर्धा हात त्याच्या शेजारी ठेवला.

"माझ्या नावावर," तो म्हणाला. "सगळा एकदम."

एव्हेनने त्याच्या ताटात मोठा बटाटा वाढला आणि म्हणाला, "खा मग. गार होतोय."