एकोणीस एक

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात ऑफिसला निघालो होतो. निपाणीला घरी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होतो आणि आठवत होते ते नुसते एक... एकाला एक खेटून उभे असलेले एकोणीस एक. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि या संख्येवर त्यांचा भारी जीव. "एवढी लांबलचक, पण हिला कुणाचाच भाग जात न्हाय बघ. फक्त एकाचा आणि तिचा स्वतःचा," असं जेवताजेवता सांगायचे. त्यातला एक जरी कमीजास्त झाला तरी संख्या फुटते, हेही सांगायचे. मी मोबाईल बघत "व्हय, व्हय" म्हणायचो.

आमच्याकडं माणूस गेलं की चौकात डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्स, लागतं. मधे मोठा फोटो, खाली शोकाकुल म्हणून नातेवाइकांचे लहान फोटो. मी हौसेनं अण्णांच्या फोटोखाली ती संख्या घालायला सांगितली, आणि त्याच ओळीच्या शेवटी माझा फोटो जरा मोठा घ्यायलाही सांगितलं... ऑफिसातली माणसं येणार होती ना! छपाईवाल्यानं मोबाईलवर नमुना पाठवला. मी अण्णांच्या नावाचं शुद्धलेखन तपासलं, माझा फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि "ओके" लिहून टाकलं.

काही आठवडे ते चौकात झळकत होतं. मग सदलग्याचा त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, घरी भेटायला आला. चहा संपेपर्यंत नुसती चुळबुळ. शेवटी म्हणाला, "आप्पा, रागवू नका. चौकातल्या बोर्डावर सतराच एक हायत. सतरा एकांना भाग जातोय की... वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं. सरांनीच आमच्याकडनं करून घेतलं होतं."

छपाईवाल्याकडं तणतणत गेलो. तो बिचारा सहज बोलून गेला, "तुमचा फोटो बसंना, म्हणून दोन काढून टाकले. सगळे एकच तर हायत!" नमुना मी बघितला होता. तिथून चौकात आलो तर मान वर करून बघवेना. लाज वाटली, अजून वाटते. ज्या माणसाचं आयुष्यभर एका कानानं ऐकलं, त्याची न फुटणारी संख्या मी माझ्या थोबाडासाठी फोडली आणि भर चौकात टांगली.

डिजिटल उतरवून घरी आणलं. वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी अण्णांचा फोटो वर ठेवून डिजिटलची घडी घातली. मग म्हणाल्या, "भाऊजी, आता त्यांच्या फळ्यावर तरी नीट लिवा."

अण्णांच्या खोलीत भिंतीला एक लहानसा फळा आहे. पुटपुटत, मोजत लिहीत गेलो. सतराव्या एकाला फळा संपला. पुढं भिंतीवर, हिरव्या रंगावर, अण्णांच्या हातचे दोन एक होते... वर्षानुवर्षं तिथंच गिरवून पक्के उमटलेले. खडू माझ्या हातातच राहिला.