द्यायचा चाकू

काकाजी चाकू हातात घेतला की त्याची धार पाहायचे नाहीत. ते तो कानाशी न्यायचे. डोळे मिटायचे, अंगठ्याच्या नखानं पातं बाहेर काढायचे, टक् असा आवाज झाला की जरा थांबायचे, आणि पातं मिटून चाकू गल्ल्याशेजारी ठेवून द्यायचे.

"बोलते," म्हणायचे. "पन गोड नाई बोलत."

भाजी निवडावी, कापड पारखावं तसा चाकू ऐकणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिला. सेलूच्या बाजाररस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दोर, बादल्या, कुलपं, अडकित्ते, विळे, कंदिलाच्या काचा. शेजारची खोली आमच्या संघटनेनं भाड्यानं घेतली होती आणि मधली भिंत एका विटेची होती. आणीबाणी नुकतीच उठलेली. आम्ही चार-पाच जण तिथं बसून पत्रकं लिहायचो. हुंड्यावर, दारूच्या गुत्त्यांवर, नळाला न येणाऱ्या पाण्यावर. मी वर्ध्याचं कॉलेज संपवून आलेली, आणि माझं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानं संपायचं. अजूनही संपतं. त्याची मला खंत नाही!

पत्रकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापायला चाकू हवा म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले. काकाजींनी पाच-सहा चाकू कानाला लावले, एक निवडला आणि माझ्या पसरलेल्या हाताकडे न पाहता तो फळीवर ठेवला.

"हातात द्या की."

"चाकू अन् मिरची हातात देत नाई, पोरी. भांडन होते. ठेवला आहे, उचल."

आता मला सांगा, मी गप्प बसणार होते का? अंधश्रद्धेवर मी तिथंच एक अख्खं पत्रक तोंडी म्हणून दाखवलं. त्यांनी ते चाकूसारखंच ऐकलं, डोळे मिटून.

"तू चांगलं बोलतं," ते म्हणाले. "पन ठेवला आहे, उचल."

मी उचलला. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. लिहिताना नखं खायची मला सवय. अंगठ्याला नख म्हणून काही उरलेलंच नव्हतं.

"हा उघडून पाय बरं," ते एकदम म्हणाले आणि दुसरा चाकू फळीवर ठेवला. मला तो उघडेना. तिसरा ठेवला. तोही उघडेना. काकाजींनी मान हलवली. "तिलेबी नाई उघडनार मंग. भांडे घासून घासून तिचंबी नख असंच गेलं."

'ती' म्हणजे काकू. त्यांना काकूंना चाकू द्यायचा होता. साडी नाही, पाटल्या नाहीत, खिशातला मिटायचा चाकू! मला माणूस एकदम आवडला. पण फळीवर चाकूंची रास पडली असताना हा शोधतोय काय?

"तुमच्याकडे इतके आहेत, त्यातलाच द्या ना."

"हे विकाचे आहेत. मले द्याचा पाहिजे."

"म्हणजे गिऱ्हाइकाला तुम्ही वाईट माल विकता?"

"वाईट कायले? चांगला आहे. पन गिऱ्हाइकासंगं मले संसार थोडीच कराचा आहे!"

तेव्हापासून माझा अंगठा त्यांच्या कामाला लागला. कुठून नवा चाकू आला की भिंतीवर ठकठक व्हायची. "पोरी, अंगठा घेऊन येजो!" मी हातातलं पत्रक टाकून जायची, उघडून पाहायची. उघडला तर ते कानाला लावायचे. जो माझ्या अंगठ्याला उघडे तो त्यांच्या कानाला नको असे, आणि जो कानाला बरा वाटे तो मला उघडत नसे.

एकदा मी सरळ विचारलं, "काकूंना विचारलंत का, त्यांना कसला हवा ते? चाकू त्यांचा, हात त्यांचा, आणि निवडणार तुम्ही?"

"इचारलं तं देनं कायचं राह्यलं वं?"

"आणि ठेवणार कुठं त्या? लुगड्याला खिसा आहे का? पुरुषांनी सगळे खिसे स्वतःला शिवून घेतलेत!" यावर पत्रक काढायचं मी ठरवलंही होतं. आमच्यातल्या पुरुष कार्यकर्त्यांनी विषय गौण ठरवून बाजूला सारला. खिशात हात घालून!

काकाजी गंभीरपणे म्हणाले, "बटव्यात ठेवल. कमरेले असते तिच्या. मी मोजमाप घेतलं आहे."

काकू मूळच्या रोहण्याच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. उंच, काटक बाई. एका विटेच्या भिंतीतून त्यांचा एकच शब्द आमच्याकडे यायचा. काकाजी म्हणायचे, आज उशीर होईल. "बरं." पाहुणे येतील. "बरं." भाजीत मीठ नाही. "बरं." सगळा बाजाररस्ता या जोडप्याचं कौतुक करायचा, की त्यांच्या घरात कधी आवाज चढला नाही. मला ते कौतुक कळत नसे. ज्या घरातली बाई कधीच भांडत नाही, त्या घराबद्दल मला संशय येतो. लिहून ठेवा!

पत्रक छापायला मी वर्ध्याला निघाले, तेव्हा काकाजी माल आणायला माझ्याच एसटीत होते. मालाचं काम उरकलं, छापखान्याचं उरकलं, आणि मग आम्ही चाकूंची दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं मोठ्या प्रेमानं रामपुरी काढून दाखवला. खटकन उघडणारा, वीतभर पात्याचा.

"कोनासाठी पाह्यजे, शेठ?"

"बायकोसाठी."

दुकानदारानं काकाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रामपुरी पेटीत घातला आणि पेटीवर हात ठेवून म्हणाला, "घरी जा भाऊ. बसून बोलून घ्या. सब ठीक होते."

परतीच्या एसटीत काकाजी खिडकीशी बसले. मग आपणहून बोलायला लागले. लग्न होऊन काकू आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक चाकू होता. वडिलांनी दिलेला. वावरात बसून त्यानं ऊस सोलायची, संत्रं कापायची त्यांना लहानपणापासूनची सवय. सासूनं तो पहिल्याच आठवड्यात काढून घेतला. नव्या नवरीच्या हातात चाकू शोभत नाही म्हणाली.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प नाई बसलो. म्या खिशात घातला. चांगला होता."

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "थांब वं, आइकू दे. मलेच माहं आइकू दे."

मग विहिरीवर बादलीचा दोर अडकला. तो कापायला काकाजी वाकले आणि चाकू हातातून सुटला तो थेट पाण्यात. घरी येऊन त्यांनी सांगितलं. काकू भाकरी थापत होत्या.

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणली."

एसटी गचके खात होती. "पोरी, ते पह्यलं 'बरं' होतं तिचं. त्याच्या आंधी ती लय बोलत होती. भांडतबी होती. त्या दिवसापासून सारं 'बरं'च चालून राह्यलं. वीस-बावीस वरसं झाली." मग म्हणाले, "त्या चाकूचा आवाज माह्या कानात आहे. तसाच भेटला पाह्यजे. तसाच भेटला तं कदाचित ती बोलल."

एवढा वेळ मी सासूविरुद्ध मनात पत्रक जुळवत होते. ते मधेच राहिलं.

आणि चाकू भेटला कुठं, तर आमच्याच आठवडी बाजारात. जमिनीवर फडकं टाकून एक लोहार बसला होता. विळे, खुरपी आणि कोपऱ्यात शिंगाच्या मुठीचा एक मिटलेला चाकू. काकाजींनी तो उचलला, कानाशी नेला आणि तिथंच लोहाराशेजारी फडक्यावर बसले. मग चाकू खाली ठेवून मला म्हणाले, "अंगठा." मी उघडला. लोण्यातून बोट निघावं तसं पातं बाहेर आलं. काकाजींनी डोळे मिटून घेतले. लोहार घाबरून विचारू लागला, "का झालं जी? खराब आहे का?"

देण्यासाठी त्यांनी संक्रांत निवडली. त्यांचा हिशोब साधा होता. चाकूनं भांडण होतं, आणि संक्रांतीला सगळं गाव तिळगूळ वाटून गोड बोलायचं वचन देतं. म्हणजे त्या दिवशी चाकू दिला तर तो बाधणार नाही. यावर मी काय बोलणार? एका समजुतीवर दुसऱ्या समजुतीचा उतारा! शिवाय हळदीकुंकू या प्रकाराला माझा विरोध आहे. ज्या समारंभाला विधवेला बोलावत नाहीत, त्या समारंभाला मी जात नाही. पण माझा अंगठा या प्रकरणात गुंतला होता, म्हणून गेले.

ओसरीवर बायका जमायला लागल्या होत्या. काकू वाणाचं सूप घेऊन बाहेर आल्या. ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे. काकाजींनी चाकू तिळगुळाच्या वाटीशेजारी जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरले.

"उचल," म्हणाले.

काकूंनी चाकूकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं. वाकल्या मात्र नाहीत.

"हातात द्या."

"हातात देत नाई लोक."

"लोक कुठं देऊन राह्यले? तुमी देऊन राह्यले."

"अवं, भांडन होते!"

"होऊ द्या," काकू म्हणाल्या. "एक भांडन माहं राह्यलंच आहे."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी मोर्चातसुद्धा पाहिला नव्हता. मी छातीठोकपणे म्हटलं, "द्या हातात काकाजी! काही होत नाही! या सगळ्या खुळ्या समजुती!"

त्यांनी चाकू उचलला आणि काकूंच्या हातात दिला.

"माह्या बापानं देल्ला होता तो!" काकूंचा आवाज असा निघाला की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. "तुमच्या मायनं काढून घेतला, अन् तुमी त्यानं दात कोरत फिरले!"

"दात नाई कोरले जी. ऊस सोलला."

"कोनाले देल्ला ऊस? मले देल्ला?"

काकाजींनी सुपातल्या उसाकडे पाहिलं.

"पानी आटलं तवा इहिरीत उतरता नाई आलं?"

"मले पोहता येत नाई."

"लग्नाच्या वक्ती तं तुमच्या मामानं सांगतलं होतं, पोरगा पोहनारा आहे म्हनून!"

हळदीकुंकवाची करंडी हातात तशीच धरून बायका बसल्या होत्या. कुणी उठेना. बाजाररस्त्याचं आदर्श जोडपं वीस-बावीस वर्षांचं भांडण एका दमात भांडत होतं. अंधश्रद्धेविरुद्धच्या माझ्या कामाला सेलूत त्या दिवशी जेवढा धक्का बसला, तेवढा कुठल्या बुवानंही दिला नसेल. पुढं दोन वर्षं बायका मला म्हणत, "काही होत नाई म्हने! पायलं न आमी!"

काकू दमल्या तेव्हा सुपातला ऊस ओढून खाली बसल्या. अंगठ्यानं पातं काढलं. पहिल्याच झटक्यात निघालं. काकाजी लगबगीनं पुढं झाले. "आवाज आइकला? तसाच आहे नं? त्याच्याच सारखा?"

"त्याचा आवाज कोनाच्या याद आहे?" काकू ऊस सोलता सोलता म्हणाल्या. "मूठ लाल होती त्याची. अन् धार तं नव्हतीच."

काकाजींचा चेहरा पडला. इतकी दुकानं, त्यांचा कान, माझा अंगठा, सगळं पाण्यात! काकूंनी ते पाहिलं. उसाचं कांडकं खाली ठेवलं, चाकू मिटला, कानाशी नेला आणि उघडला.

"बोलते," त्या म्हणाल्या. आणि सोललेलं पहिलं कांडकं त्यांनी काकाजींना दिलं.

पुढं त्या घरात रोज भांडण व्हायचं. काकाजींनी स्वतःच्या दुकानातला चाकू वापरणं सोडून दिलं. सुतळी कापायची असली की ते आत हाक मारायचे, काकू बटव्यातून चाकू काढून मुद्दाम त्यांच्या हातात ठेवायच्या, आणि भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. "परत द्याजो! इहिरीकडे जाऊ नका!" "एक बार पडला तं काय जलमभर ऐकवतं का?" "हो, जलमभर!" आमचं पत्रक अडायचं. आम्ही लेखणी खाली ठेवून ऐकत बसायचो.

मागच्या पावसाळ्यात काकाजी गेले. दुकान पुतण्या पाहतो. चाकू उघडायच्या आधी तो धार पाहतो, जगात सगळे पाहतात तशी.

यंदाच्या संक्रांतीला बाजाररस्त्यावर घरोघरी हळदीकुंकू झालं आणि काकूंना कुणीही बोलावलं नाही. ज्या बायकांनी त्या ओसरीवर बसून भांडण ऐकलं होतं, त्यांनीही नाही! मी त्याच विषयावरच्या नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन तडक काकूंकडे गेले. पहिलं पत्रक त्यांच्या हातात द्यायचं होतं. गठ्ठ्याची सुतळी सुटेना.

"काकू, चाकू द्या."

त्यांनी बटव्यातून चाकू काढला. मी हात पुढं केला. त्यांनी तो माझ्या हाताशेजारी, जमिनीवर ठेवला.

"हातात द्या की, काकू."

"नाई, पोरी," त्या म्हणाल्या. "हातात त्याइलेच देत होती मी."

मी तो खालून उचलला. सुतळी कापली. मिटून पुन्हा जमिनीवर ठेवला. काकूंनी तो घेतला, कानाशी नेला, उघडला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.