मालक गावाला गेल्यात

हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, पन मधी बोलू नका. डोकं फिरतं माझं! असली माती खाल्ली हाय म्या, की बऊबाजारात अजून मान वर करून चालता येत न्हाई.

आमची कोलकात्यात, ह्याच बऊबाजारात, गलाईची भट्टी. म्हंजी काय, सोनारांचं जुनं सोनं वितळवायचं आन शुद्ध करून द्यायचं. विटा-खानापूरकडची आमच्यासारखी लई मानसं हितं हायत. शाळा माझी चौथीतच सुटली. भट्टीचं सगळं कळतं, पन सरकारी कागूद हातात आला की म्या उलटाच धरतो!

तर एक दिवस शेजारचा बंगाली सोनार, हरिपददा, पळत आला.

"दादा, सरकारी लोग गली में आया है! अब बिल कम्प्युटर में बनाना होगा. बिल बनाया कि सीधा सरकार के पास!"

"आन न्हाई बनवलं तर?"

त्यानं नुसता गळ्यावरनं हात फिरवला.

आता मला सांगा, मी काय चोर हाय? गिऱ्हाइकाचा एक कन इकडचा तिकडं न्हाई. पन हातानं लिहिलेली बिलं माझी मलाच वाचता येत न्हाईत, सरकारला काय वाचून दाखवू? भट्टीफुडं उभा, आन अंगाला गार घाम! डोळ्यांफुडं दुकानाला सील, हातात बेड्या, आन गावात पारावर बसून माझ्या नावानं दात काढनारी भावकी.

तेवढ्यात दारात साहेब उभा. डोळ्याला चष्मा, हातात टॅब.

"मालिक कौन है?"

जीभच फिरली बगा. "मालिक गाँव गया. मैं नौकर है!"

म्हनलं, जाईल निघून. कुठलं! त्याला माझी दया आली. स्टूल वढून बसला आन मलाच शिकवाय लागला.

"डरो मत, ये छापा नहीं है. हम तो बस समझाने आए हैं. यहाँ नाम डालो, यहाँ माल. अब बटन दबाओ."

दाबलं. काळ्या ठिपक्यांचा चौकोन उमटला. नमुन्याचं बिल तयार!

"शाबास! परसों शिबिर है. मालिक को लेकर आना."

घरी बायकूला सांगितलं. ती म्हनली, "अवो, मग जाऊन खरं सांगा की."

"गप ए! सरकारला खोटं बोललोय मी. आत टाकतील!"

"मग जाऊ नका."

"न्हाई गेलो तर मालकाला धुंडत घरी येतील!"

"येऊ द्या. मी सांगते, मालक गावाला गेल्यात."

हिला चेष्टा सुचतीया आन हितं माझा जीव चाललाय!

गेलो शेवटी. मागच्या खुर्चीत, मान खाली घालून बसलो. हॉलमधी आख्खी गल्ली. साहेबानं हेरलंच.

"अरे तुम! ऊपर आओ!"

वर गेलो. सगळ्यांफुडं बिल बनवून दाखवलं. टाळ्या! साहेब माइकवर म्हनला, "देखिए, एक अनपढ नौकर सीख गया. आप मालिक लोग क्यों डरते हैं?"

हरिपददा तोंडात रुमाल कोंबून बसला हुता.

"तुम्हारा मालिक क्यों नहीं आया?"

"डरता है, साहेब."

"कैसा आदमी है?"

घाबरलेलं मानूस काय बी बोलतं हो! "गधा है साहेब! एकदम गधा!"

हॉल खदखदला.

"रुको, मैं अभी उसे समझाता हूँ." साहेबानं टॅबवर आमच्या दुकानाचं नाव काढलं, नंबर बघितला आन फोन लावला.

माझ्या खिशात वाजला.

साहेब माझ्याकडं बघतोय, मी साहेबाकडं. वाजतंय, वाजतंय, थांबंना! काय करावं मानसानं? भीतीनं डोकंच बंद. म्या फोन काढला, कानाला लावला. समोरासमोर उभं आमी दोघं, आन म्या म्हनलं, "हालो?"

साहेबानं बी कानावरचा फोन हलवला न्हाई. अगदी गंभीर तोंडानं इचारलं, "मालिक बोल रहे हैं?"

"हां जी."

"आपका नौकर कहता है, आप गधे हैं."

सरकारशी आनिक खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

म्हनलं, "बराबर बोलता है, साहेब."